इको करताना काय बरोबर आणि काय चूक, हे पेशंटला सांगणार कोण?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्याकडे इंदूरला पूर्वी एक दिवस शिळा का होईना पण कागदावर यायचा, आता मी मोबाईलवरच वाचते, आणि पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तेही मोबाईलवरच टाइप करतेय तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. माझं नाव छापू नका ही आधीच विनंती. ज्या सेंटरमधे हे झालं त्याचंही नाव मी लिहिणार नाहीये, एक तर माझ्याकडे पुरावा काही नाही, आणि मला जे म्हणायचंय ते त्या एका सेंटरपुरतं नाहीच.

माझं वय 54. आम्ही लोकमान्य नगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, आणि मागच्या थंडीपासून भाजीची पिशवी घेऊन वर यायचं म्हणजे दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागायला लागलं. बीपीची गोळी चालूच आहे. आमच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले थोडा आवाज येतोय, घाबरायचं काही नाही पण एक टूडी इको करून घ्या. आता इको म्हणजे काय हे मला इतकंच माहीत होतं की सोनोग्राफीसारखं असतं, फक्त पोटाऐवजी हृदयाचं. सोनोग्राफी दोनदा झालेली आहे त्यामुळे मनात भीती अशी काही नव्हती, उलट मी सोयीचं म्हणून साडीऐवजी सलवार-कुर्ता घालून गेले, ही माझी पहिली चूक, कारण साडी असती तर निदान पदर तरी असता.

सेंटर मोठं, एसी, काचेचे दरवाजे, आधी पैसे भरा मग परची, माझा नंबर 34. दुपारचे दोन वाजले नंबर यायला. हे बरोबर होते, फाइल त्यांच्याच हातात. दाराशी बसलेल्या मुलाने त्यांना अडवलं, "अंकल, जेंट्स अंदर अलाउड नहीं, लेडीज़ का इको चल रहा है." मला बरं वाटलं ऐकून, म्हंटलं चला काहीतरी शिस्त आहे. आत गेले तर इको करणारा जेंट्सच! म्हणजे माझा नवरा, ज्याच्याशी लग्न होऊन 29 वर्षं झाली, तो बाहेर, आणि आत एक पंचविशीतला मुलगा आणि मी, आणि तिसरं कोणी नाही. या गोष्टीवर आम्ही नंतर हसलो सुद्धा, पण त्या वेळी नाही हसू आलं.

खोलीत अंधार. फक्त स्क्रीनचा उजेड. त्याच्या कानात ते बिनवायरचं इयरफोन, कोणाशी तरी प्लॉटच्या रजिस्ट्रीबद्दल बोलणं चालू, माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ऊपर का सब निकाल दो, और उधर करवट लेके लेट जाओ." मी गाउन विचारला. "आंटी, उसकी ज़रूरत नहीं पड़ती, पाँच मिनट का काम है." पडदा होता पण अर्धे हूक तुटलेले, ओढला तर एका बाजूने लोंबायचा. मी ओढणी अंगावर घेऊन डाव्या कुशीवर झोपले, त्याने ईसीजीची तीन स्टिकरं लावली आणि लावताना ओढणी बाजूला सारली ती सारलीच, परत टाकली नाही, मला टाकू दिली नाही. मग तो गार जेल. मग तो माझ्या पाठीमागे बसला आणि त्याचा हात माझ्या अंगावरून पलीकडून पुढे आला, प्रोब, म्हणजे मशीनचा तो हातात धरायचा तुकडा, छातीखाली दाबून धरलेला, मनगट माझ्या बरगड्यांवर टेकलेलं. मी भिंतीकडे बघत होते. काय चाललंय ते एका शब्दाने सांगत नव्हता, मधेच "साँस रोको", मधेच "छोड़ो", आणि मधेच हसायचा, ते फोनवरच्या माणसाशी हसत होता की कशावर ते कळायला मार्ग नाही. त्या मशीनमधून हृदयाचा आवाज येतो, कपडे घुसळल्यासारखा, तो आवाज ऐकत मी आकडे मोजत होते.

तेवढ्यात दार उघडलं. एक मुलगा आला, प्रिंटरचा कागद का काहीतरी हवा होता त्याला, ते दोघं बोलले, तो स्क्रीनकडे बघत उभा राहिला, गेला, आणि दार वीतभर उघडंच राहिलं. कॉरिडॉरचा उजेड सरळ माझ्यावर. बाहेर बसलेल्या कोणाच्या तरी चपला मला दिसत होत्या, म्हणजे त्यालाही मी दिसत असणारच. मी म्हंटलं दार लावा. "हाँ हाँ आंटी, हो ही गया."

आणि मग त्याने मोबाईल वर उचलला आणि फोटो काढला.

कशाचा? स्क्रीन माझ्या डोक्याच्या बाजूला, मी त्याच्यापुढे पाठमोरी, आणि फोन त्या दिशेला. दोनदा खटक् आवाज आला. मी वळून बघितलं तर तो फोन खाली ठेवून टिश्शूचा रोल माझ्याकडे सरकवत होता. "हो गया, बाहर बैठो, रिपोर्ट शाम को."

बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं झालं? मी म्हंटलं झालं. परत येताना ह्यांना कचोरी खायची होती, मी नको म्हंटलं तर म्हणाले काय गं, काही निघालं का रिपोर्टमधे. आता यांना काय सांगणार.

रिपोर्ट तसा चांगलाच आला हे लिहून टाकते म्हणजे वाचणाऱ्याला चुटपुट नको. हृदयाचं पंपिंग, ते ईएफ म्हणतात, 60 टक्के, म्हणजे उत्तम. एका वॉल्व्हला किंचित लीकेज आहे, डॉक्टर म्हणाले बऱ्याच जणांना असतं, सहा महिन्यांनी परत एकदा इको बघू. त्या "परत एकदा" वरच माझी झोप उडाली.

चार रात्री मी हाच विचार करत होते की झालं ते नेमकं काय झालं. त्याने मुद्दाम हात लावला का? की इको असाच असतो? फोटो माझा काढला का स्क्रीनचा? मी उगाच संशय घेतेय का, एखाद्या गरीब पोराची नोकरी घालवीन का? की मी गप्प बसले म्हणून पुढच्या पेशंटला जास्त होईल? ह्यांना शेवटी सांगितलं तर ते आधी एकदम तापले आणि मग म्हणाले सोड, कोणाकोणाला सांगत बसणार. घरातली माणसं असंच म्हणतात, त्यात त्यांचा दोष नाही, त्यांनाही माहीत नसतंच की इकोमधे काय करतात.

माझी भाची बडोद्याला असते, मोठ्या बहिणीची मुलगी, ती हेच काम करते, अकरा वर्षं झाली इको करतेय. पाचव्या दिवशी तिला फोन लावला. पहिले दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलले, मग सांगितलं. ती मधे काहीच बोलली नाही, सगळं ऐकून घेतलं, आणि मग म्हणाली, "मावशी, मी एकेक विचारते, तू फक्त हो-नाही सांग." आणि तिने जे समजावलं त्यासाठीच खरं तर मी हे पत्र लिहितेय, कारण मला जे सगळ्यात घाण वाटलं होतं ते ठीक होतं आणि जे मी चालवून घेतलं होतं ते चूक होतं.

अंधार? तो लागतोच, स्क्रीनवरच्या करड्या छटा उजेडात दिसत नाहीत. डाव्या कुशीवर झोपवणं? बरोबर, त्याने हृदय छातीच्या भिंतीजवळ सरकतं आणि मधे फुप्फुसाची हवा कमी येते, हवेतून मशीनच्या ध्वनिलहरी नीट जात नाहीत म्हणून तर जेल. वरचे कपडे काढायला सांगणं, आतले सुद्धा? लागतं, कारण एक जागा छातीच्या हाडाला लागून डावीकडे असते, एक डाव्या स्तनाच्या खाली, एक बरगड्यांच्या खाली पोटाच्या वरच्या भागात आणि एक गळ्याच्या खळगीत, अशा चार ठिकाणांहून हृदय बघतात. दाबणं? दाबावं लागतं, बरगड्यांच्या फटीतून बघायचं असतं, जाड माणसाला जरा जास्तच. (मी जाड आहे हे तिने न बोलता सांगितलं.) पाठीमागून अंगावरून हात टाकणं? इथे मला वाटलं ती आता चिडेल, तर म्हणाली, "मावशी, मी पण तशीच बसते. मशीन पेशंटच्या उजव्या हाताला आणि पेशंट डाव्या कुशीवर, मग हात वरूनच न्यावा लागतो. मनगट टेकवल्याशिवाय प्रोब हलतो, चित्र मिळत नाही."

म्हणजे ज्या हाताने माझी चार रात्रींची झोप घेतली तो हात आपलं काम करत होता. निदान बराचसा.

मग तिने दुसरी यादी वाचली, आणि आवाज बदलला तिचा. गाउन नाही किंवा चादर नाही हे चूक, डावी बाजू उघडी लागते पण उजवी बाजू झाकलेलीच राहायला हवी, आणि काम झालं की ताबडतोब सगळं झाकायचं. स्तन वर उचलायचा असेल तर आधी सांगायचं आणि पेशंटला म्हणायचं तुम्हीच हाताने धरा, नाहीतर हाताच्या मागच्या बाजूने, तेही विचारून. कानात फोन ठेवून काम करणं चूक. दार उघडं चूक, दुसरा माणूस न विचारता आत येणं चूक. बाई पेशंट आणि पुरुष करणारा असेल तर दुसरी बाई खोलीत हवी, नर्स, आया, किंवा पेशंटच्या घरची कोणीही. आणि स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढणं तर साफ चूक, मग तो स्क्रीनचा का असेना. "मशीन स्वतःच सगळी चित्रं साठवते मावशी. स्क्रीनच्या कोपऱ्यात तुझं नाव असतं, वय असतं. सरांना लवकर दाखवायचं म्हणून पोरं व्हॉट्सॅपवर फोटो टाकतात, आमच्याकडे पण टाकायचे, आम्ही बंद केलं. तुझ्याच खोलीत तुझ्यादेखत फोन वर केला आणि तुला सांगितलं नाही की कशाचा काढतोय, ही त्याची चूक. त्याने स्क्रीनचाच काढला असेल. पण तू कसं समजणार?"

हे तिचं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. तू कसं समजणार. आपल्याला टेस्टच माहीत नसते तर बरं-वाईट कशाशी ताडून बघणार? मी बरोबर वागणाऱ्या हातावर संशय घेत होते आणि उघड्या दाराला "असेल बाई, गर्दीची जागा आहे" म्हणून माफ करून बसले होते. उद्या खरंच कोणी नीच माणूस असला तर तो म्हणणार "आंटी टेस्ट ऐसी ही होती है" आणि आपण गप्प. आणि कोणी भला माणूस असला, नीट काम करणारा, तर त्याच्यावर नसता आळ. दोन्हीकडून नुकसानच.

तिनेच एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. डॉक्टरांच्या गळ्यातली जी नळी असते, स्टेथोस्कोप, ती म्हणे निघालीच मुळी संकोचातून. 1816 साली पॅरिसमधे लेनेक नावाचे डॉक्टर होते, तेव्हा छातीला सरळ कान लावून ऐकायची पद्धत, आणि समोर एक तरुण, अंगाने भरलेली बाई, तिच्या छातीला कान कसा लावणार म्हणून त्यांनी कागदाची सुरळी केली आणि एक टोक तिच्या छातीला अन एक आपल्या कानाला लावलं, तर आवाज उलट जास्तच स्पष्ट. दोनशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरला पेशंटची लाज राखावीशी वाटली तर त्यातून एवढी मोठी वस्तू निघाली, आणि आमच्याकडे लाखोंचं मशीन आणून ठेवलंय पण पडद्याचे हूक कोणी बसवत नाही.

मग आमच्या भिशीत मी हळूच विषय काढला, नाव-गाव न सांगता. बाप रे. प्रत्येकीच्या पोटात एकेक गोष्ट होती. माझ्या जाऊबाईंचं सीटी स्कॅन झालं, त्यात शिरेतून आयोडीनचं औषध देतात, त्याने सगळ्या अंगात एकदम गरम लाट येते आणि कपड्यात लघवी झाली असं वाटतं, झालेली नसते पण वाटतं. हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. बिचाऱ्या मशीनमधे पडल्या-पडल्या रडायला लागल्या की आपण या वयात सगळ्यांसमोर हे काय केलं, आणि बाहेर येऊन सांगितलं तर काचेपलीकडची दोन पोरं हसली, "सबको होता है अम्मा." सगळ्यांना होतं तर मग आधी सांगायला किती वेळ लागतो हो? एका मैत्रिणीला सोनोग्राफीसाठी पाच ग्लास पाणी पाजून दीड तास बसवलं आणि मग सांगितलं सर जेवायला गेले. आणि एकीची मुलगी, अजून लग्न व्हायचंय, तिला परचीवर फक्त टीव्हीएस अशी तीन अक्षरं लिहून आत पाठवलं. तिला वाटलं पोटावरूनच असेल. ही तपासणी आतून होते, योनीमार्गातून, आणि ती करायच्या आधी समजावून सांगून, विचारून, हो म्हंटल्यावरच करायची असते, नको म्हंटलं तर पोटावरून करतात, कमी दिसतं पण करतात. त्या मुलीला आत टेबलावर कळलं. ती उठून बाहेर आली तर वर बोलणी, "इतनी देर क्यों खराब की." तिच्या आईने हे सांगताना सगळ्या गप्प झाल्या, चहा तसाच राहिला.

कोणी म्हणेल हे बायकांचं लाजणं-बिजणं आहे. आमच्या ह्यांचा एमआरआय झाला होता कमरेचा, तिथला माणूस किती चांगला वागला ते मुद्दाम लिहिते. अंगठी, घड्याळ, बेल्ट, खिशातली नाणी, कार्ड सगळं काढून घेतलं, तीनतीनदा विचारलं की पेसमेकर नाही ना, कुठे रॉड-प्लेट नाही ना, कानात बोळे दिले कारण आवाज फार असतो, हातात रबरी फुगा दिला की घाबरलात तर दाबा मी लगेच थांबवतो, आणि मधेमधे माइकवरून सांगत होता अजून दहा मिनिटं, अजून पाच. हे आरामात झोप काढून बाहेर आले! आणि अशाच एका एमआरआयच्या खोलीत 2018 च्या जानेवारीत मुंबईला एका मोठ्या हॉस्पिटलात काय झालं ते वाचकांना आठवत असेल. नातेवाइकाबरोबर आलेल्या 32 वर्षांच्या माणसाच्या हातात ऑक्सिजनचं सिलिंडर, आत नेऊ का विचारलं तर घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे तिथला वॉर्डबॉय म्हणाला मशीन बंद आहे. एमआरआयचं मशीन म्हणजे प्रचंड लोहचुंबक, ते कधी बंद नसतंच, तपासणी चालू असो की नसो. सिलिंडरसकट ओढला गेला आणि जीव गेला. तेव्हा स्टाफचं "हो ही गया", "कुछ नहीं होता" हे मी आता साधं बोलणं म्हणून ऐकत नाही.

मी त्या सेंटरला परत गेले, नणंदेला घेऊन. मॅनेजर चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू. म्हणाले, "मैडम, फोटो तो स्क्रीन का ही लेते हैं, सर को दिखाने के लिए." मी म्हंटलं असेलही, पण मला दाखवा. तो मुलगा सुट्टीवर. मी म्हंटलं लेखी लिहून देते. म्हणाले दे दीजिए, घेतलं, पोच दिली नाही, मागितल्यावर कागदाच्या मागे सही केली. अजून उत्तर नाही. एवढं करायला मला किती बळ लागलं हे मला माहीत. घरून निघताना देवापुढे दिवा लावून निघाले होते.

संशय का जात नाही तेही सांगते. 2025 च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातले बायकांच्या तपासणीचे व्हिडियो बाहेर गेल्याचं सगळ्या पेपरात आलं होतं, टेलिग्रामवर विकले जात होते म्हणे. तिथे सीसीटीव्ही होता, इथे मोबाईल. ते वाचल्यावर कोणत्या बाईला पाठीमागचा खटक् आवाज साधा वाटेल?

आता मला काय हवंय. कायदे आहेत, मी नणंदेच्या मुलाकडून शोधून घेतले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 मधे रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली, त्यात 17 हक्क आहेत, त्यात माहिती मिळण्याचा आहे, गोपनीयतेचा आहे, आणि पुरुष डॉक्टर बाईला तपासत असेल तर दुसरी बाई हजर असण्याचा सुद्धा आहे, आणि ती बाई तिथे ठेवण्याची जबाबदारी हॉस्पिटलची. बाईचा अशा अवस्थेत चोरून फोटो काढणं हा तर गुन्हाच, पूर्वी भारतीय दंड संहितेचं 354 सी होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 77. तक्रार इथे सीएमएचओ, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याच्या ऑफिसला करता येते, 181 वर सीएम हेल्पलाइन आहे, मंगळवारी कलेक्टर ऑफिसात जनसुनवाई असते, ग्राहक न्यायालयही आहे. पण मला सांगा, जिला झालं ते चूक की बरोबर हेच ठरवता येत नाहीये, ती मंगळवारी लाइनीत उभी राहून सांगणार काय? कलेक्टरसाहेबांना सांगू का की एक हात होता आणि तो बहुतेक बरोबर होता?

त्यापेक्षा एक बोर्ड लावा. सोनोग्राफीच्या प्रत्येक सेंटरमधे तो बोर्ड असतोच ना, इथे गर्भाचं लिंग सांगितलं जात नाही, हा गुन्हा आहे. 1994 चा कायदा, बोर्ड सक्तीचा, आणि आज इंदूरमधली अडाणी बाईसुद्धा तो बोर्ड ओळखते. तसाच दुसरा बोर्ड, साध्या हिंदीत, मराठीत लिहिलात तर आम्ही आनंदाने वाचू. या टेस्टमधे कोणते कपडे काढायला लागतात, कुठे हात किंवा प्रोब लागेल, किती वेळ, अंगात काय वाटेल, गाउन मागा, सोबत बाई मागा, खोलीत मोबाईल बंद. बस. दाराबाहेर लावा, कारण आत अंधार असतो. आमच्या या शहराला कचऱ्याचे सहा वेगवेगळे डबे करायला शिकवलं, घरोघर सांगून-सांगून, गाडीवर लिहून, आणि स्वच्छतेत देशात पहिला नंबर आला तो लोकांना सांगितल्यामुळे आला. आमच्या कामवाल्या बाईला सॅनिटरी कचरा कुठे जातो ते पाठ आहे. मग हे का नाही जमणार.

त्या मुलाबद्दल मला आता राग कमी आणि वाईट जास्त वाटतं. 34 वा नंबर माझा होता, माझ्यामागे अजून वीस बायका-पुरुष बसले होते, तो सकाळपासून त्याच स्टुलावर. त्याला कोणी शिकवलं असेल की पेशंटशी काय बोलायचं? भाची म्हणते 2021 मधे यांच्यासाठी पण कायदा झाला, रेडिओलॉजीच्या टेक्निशियनपासून सगळ्यांची नोंदणी व्हायची आहे, पण आजही किती ठिकाणी मशीन दाखवून चार महिन्यांत बसवतात. ती स्वतः प्रत्येक पेशंटला आधी तीन वाक्यं बोलते, मी तिला विचारून लिहून घेतली. "मी आता थंड जेल लावणार आहे. माझा हात तुमच्या अंगावरून पुढे येईल, घाबरू नका. काही खटकलं तर मला लगेच सांगा." मोजून बघितलं, दहा सेकंदं लागतात.

सहा महिन्यांचा इको पुढच्या महिन्यात आहे. या वेळी दुसरीकडे जायचं ठरवलं आणि परवा फोन करून सरळ विचारलं, इको लेडीज़ करतात का. पलीकडची मुलगी म्हणाली हो, आमच्याकडे लेडी डॉक्टर बुधवारी असतात. आनंद झाला. मग काय मनात आलं देव जाणे, मी आधीच्या सेंटरला पण फोन लावला आणि तोच प्रश्न विचारला.

"हाँ मैडम, लेडीज़ स्टाफ है ना, सुबह की शिफ्ट में रहती हैं. आपने उस दिन बोला नहीं."

आपली,
एक वाचक, इंदूर